ताई, प्रीनेटल आहेत का? पण मी प्रेग्नंट नाहीये हां!

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात, ऑफिसं सुटलेली, परळ स्टेशनकडे जाणारी सगळी गर्दी आमच्या मेडिकलच्या दारावरून चाललेली, आणि एक मुलगी काउंटरला आली. गळ्यात आयकार्ड, केस वर क्लचरमध्ये, हातात फोन. एकदम हळू आवाजात म्हणाली, ताई प्रीनेटल व्हिटॅमिन आहेत का. म्हणजे गरोदरपणात घ्यायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. मागे एक काका खोकल्याचं औषध घ्यायला उभे होते, तिने मागे वळून बघितलं आणि मग जरा मोठ्यानेच, "मी प्रेग्नंट नाहीये हां!" काकांनी शहाण्यासारखं पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

तिला केसांसाठी हव्या होत्या. रीलमध्ये कोणीतरी अमेरिकेतली बाई डबी हलवून सांगत होती की प्रेग्नंट नसलात तरी प्रीनेटल घ्या, मग बघा केस कसे होतात. महिन्यातून चार-पाच जणी तरी असं विचारतात, कोणी केसांसाठी, कोणी नखांसाठी, कोणी लग्न ठरलंय म्हणून, कोणी नुसतं "वीकनेस वाटतो" म्हणून, आणि दर वेळी मी तेच तेच सांगते आणि मागे लाइन वाढत जाते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. चौदा वर्षं काउंटरला उभी आहे. डोस ठरवून देणं माझं काम नाही पण पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाचायला मात्र मी कुणालाही शिकवू शकते.

तर पहिली गोष्ट. रीलमधली ती डबी आणि आपल्याकडच्या गोळ्या यांचा फारसा संबंध नाही. तिकडे प्रीनेटल म्हणजे एक मल्टिव्हिटॅमिन, फक्त त्यात आयर्न आणि फोलेट नेहमीपेक्षा जास्त. आयर्न साधारण २७ एमजी, फोलेट (गोळीत असतं तेव्हा त्यालाच फोलिक अ‍ॅसिड म्हणतात) ६०० ते ८०० एमसीजी, म्हणजे एमजीच्या हजाराव्या भागात मोजलेलं, शिवाय आयोडीन, डी, बी-१२ वगैरे थोडं थोडं. आपल्याकडे गायनॅककडे गेलात तर अशी एक डबी सहसा मिळत नाही, आपल्याकडे ताट वाढल्यासारख्या वेगवेगळ्या स्ट्रिप मिळतात, सुरुवातीला फोलिक अ‍ॅसिडची बारकी पिवळी गोळी, तीन महिने झाले की आयर्न वेगळं, कॅल्शियम वेगळं, कधी डीएचएची, म्हणजे ओमेगा-३ ची कॅप्सूल. (तशा सगळं-एकात डब्या आता ऑनलाइन आपल्याकडेही मिळतात, त्यांचं पुढे सांगते.) त्यामुळे मी त्या मुलीसमोर तीन स्ट्रिप ठेवल्या तर ती गोंधळलीच, म्हणाली यातली प्रीनेटल कुठली. म्हटलं तिन्ही आणि एकही नाही.

फरक नुसता पॅकिंगचा असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. आकडे बघा. आपल्याकडची सगळ्यात जास्त खपणारी आयर्नची गोळी घ्या, मागे लिहिलेलं असतं फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, एलिमेंटल आयर्न १०० एमजी, आणि फोलिक अ‍ॅसिड १.५ एमजी. म्हणजे तिकडच्या डबीतल्या आयर्नच्या जवळजवळ चौपट. मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने रोज घ्यायची वरची मर्यादा ४५ एमजी धरतात, अन्न आणि गोळ्या सगळं मिळून. फोलिक अ‍ॅसिडची मर्यादा गोळ्यांतून रोज १००० एमसीजी. १.५ एमजी म्हणजे १५०० एमसीजी. आणि ती बारकी पिवळी फोलिकची गोळी, जी लोक चिंचगोळीसारखी समजून मागतात, ती बहुतेक वेळा ५ एमजीची असते, म्हणजे ५००० एमसीजी, म्हणजे साध्या बाईला लागणाऱ्या ४०० एमसीजीच्या साडेबारा पट. डॉक्टर लिहितात तेव्हा त्यांच्याकडे कारण असतं आणि ते ठरावीक दिवसांसाठी असतं, अ‍ॅनिमिया झालेल्या बाईला १०० एमजी आयर्न बरोबरच आहे, पण रील बघून रोजची सवय म्हणून लावून घ्यायची ही गोळी नव्हे.

अजून एक घोळ. काही पाकिटांवर नुसतं "फेरस फ्युमरेट १५२ एमजी" असं असतं आणि लोक म्हणतात बापरे १५२! तो सगळा आयर्न नसतो. फ्युमरेटमध्ये साधारण एक तृतीयांश खरं आयर्न, म्हणजे १५२ मध्ये ५० च्या आसपास. बघायचं ते "एलिमेंटल" शब्दाच्या पुढचा आकडा. तो लिहिलेलाच नसेल तर केमिस्टला विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

केसांचं काय ते आधी संपवू

प्रेग्नन्सीत केस खरंच दाट होतात. माझेही झाले होते. पण ते गोळ्यांमुळे नाही, इस्ट्रोजेन वाढतं आणि जे केस एरवी आपापली पाळी आली की गळून जातात ते मुळाशी अडकून राहतात, गळणंच थांबतं म्हणून वेणी जाड लागते. बाळंतपण झालं की हार्मोन उतरतात आणि साधारण तीन महिन्यांनी सगळे थकबाकीचे केस एकदम निघतात, बाथरूमची जाळी तुंबते, आणि बाई रडवेली होऊन दुकानात येते की मी गोळ्या बंद केल्या म्हणून केस गेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. नऊ महिने गोळ्या चालू होत्या आणि नऊ महिने केस चांगले होते म्हणून गोळ्यांना क्रेडिट मिळालं, एवढंच आहे ते.

शरीरात कशाची कमतरता नसेल तर प्रीनेटलने केस वाढतात असा धड पुरावा नाही. कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. आयर्नचा साठा रिकामा असेल, थायरॉइड बिघडला असेल, तर केस गळतात आणि ते भरून काढलं की थांबतात. आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हेअरफॉलची जी लाट येते ना, त्यातल्या कितीतरी जणींना दोन-तीन महिने आधी डेंग्यू नाहीतर टायफॉइड झालेला असतो, किंवा लग्नासाठी जेवण तोडून आठ किलो उतरवलेले असतात. शरीराला धक्का बसतो आज आणि केस गळतात तीन महिन्यांनी, म्हणून कुणाला जोड लागत नाही. हे बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं तसंही नॉर्मल आहे, मोजत बसू नका.

मग प्रेग्नंट नसताना घ्यायचं कुणी?

ज्या बाईला नजीकच्या काळात मूल हवंय, किंवा हवं नसलं तरी राहू शकतं, तिने फोलिक अ‍ॅसिड घ्यायचं. हे मी अगदी ठासून सांगते कारण इथे लोक उलटी चूक करतात. केसांसाठी धावत येतात आणि ज्या कामासाठी ही गोळी आहे त्यासाठी उशिरा येतात. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिथून तयार होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. २८ दिवस! म्हणजे पाळी चुकली, आठवडाभर वाट बघितली, मग टेस्ट केली, मग नवऱ्याला सांगितलं, मग अपॉइंटमेंट घेतली, तोवर ती नळी बंद झालेली असते किंवा अर्धवट राहिलेली असते. म्हणून ४०० एमसीजी रोज, गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून, आणि दोन-तीन महिने आधीपासून केलं तर अजून बरं, आणि मग पहिले तीन महिने चालू.

५ एमजीची कुणाला लागते? आधीच्या बाळाला कण्याचा दोष होता, स्वतःला डायबिटीस आहे, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, अशांना डॉक्टर जास्त डोस देतात. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचा मोठा अभ्यास आला होता, आधी असं बाळ झालेल्या बायकांना ४ एमजी फोलिक दिलं तर परत तोच दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर सरसकट ५ लिहितात, कारण सगळीकडे तीच मिळते, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण स्वतःहून घेणार असाल तर ४०० वाली मागा, दुकानात नसेल तर मागवून देतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे फोलिक अ‍ॅसिड सापडलं त्याची सुरुवात आमच्याच परळची. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर बाई मुंबईत आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, जे आमच्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा आणि तो का होतो ते कुणाला कळत नव्हतं. तिने त्यांचं खाणं बघितलं, उंदीर झाले, माकडं झाली, आणि शेवटी मार्माइट म्हणजे ते काळं खारट यीस्टचं चाटण, ब्रिटिश लोक पावाला लावतात ते, त्याने तो अ‍ॅनिमिया बरा होतो असं दाखवलं. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्यात नक्की कोणता पदार्थ आहे ते माहीत नव्हतं म्हणून कितीतरी वर्षं त्याला विल्स फॅक्टरच म्हणायचे, तेच पुढे फोलेट निघालं. माझी आजेसासू गिरणीत साचे खात्यात होती. पिवळी गोळी स्ट्रिपमधून फोडताना मला कधीकधी ते आठवतं.

बाळंत झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या बायका, तुम्ही प्रेग्नंट नाही तरी तुमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. सरकारी कार्यक्रमातही लाल गोळी, ६० एमजी आयर्न आणि ५०० एमसीजी फोलिकवाली, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस आहे. आमच्याकडे बारसं झालं की आईच्या गोळ्या विसरतात आणि बाळाच्या ग्राइप वॉटरच्या मागे लागतात.

बाकी अ‍ॅनिमिया असेल तर त्याची ट्रीटमेंट होते, तिला प्रीनेटल म्हणायची गरज नाही. आणि अ‍ॅनिमिया आपल्याकडे आहेच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. म्हणून वीकनेस वाटतो म्हणणारीला मी हसत नाही. फक्त म्हणते, आधी रक्त तपास.

टेस्ट कुठल्या

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (आयर्नचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइड). जमलं तर व्हिटॅमिन डी. बस, दोनशे पॅरामीटरचं पॅकेज घ्यायची गरज नाही. पालिकेच्या दवाखान्यात विचारा, साधी सीबीसी तिथे होऊन जाते. एक लक्षात ठेवा, केसांच्या गमीज खात असाल तर त्यात बायोटिन भरपूर असतं आणि बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही टेस्ट चक्क चुकीच्या येतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्यावर इशाराच काढला होता, तेव्हा टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबवाल्याला सांगा.

रिपोर्ट आला की डॉक्टरला दाखवायचाच, पण स्वतःलाही थोडं कळलं पाहिजे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे प्रेग्नंट नसलेल्या बाईला अ‍ॅनिमिया. प्रेग्नंट असेल तर ११ च्या खाली. फेरिटिन म्हणजे आयर्नची बचत, हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि फेरिटिन १५ च्या खाली असतं असं खूप जणींचं असतं, पगार होतोय पण बँकेत शिल्लक शून्य असं समजा. एमसीव्ही म्हणजे रक्तपेशीचा आकार. तो लहान आला तर लोक लगेच आयर्न चालू करतात, पण एमसीव्ही लहान आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा दोष, असू शकतो, सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा घरांत जास्त दिसतो पण आपल्यातही असतो, त्याला वेगळी एचबीए-टू ची टेस्ट असते. अशा माणसाने वर्षानुवर्षं आयर्न खाल्लं तर रक्त वाढत नाही, आयर्न नुसतं अंगात साठत जातं. लग्न ठरलेल्यांनी तर ही टेस्ट करूनच घ्या, पत्रिका नंतर बघा.

आणि बी-१२. इथे माझी स्वतःची चूक सांगते.

माझी नणंद पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, दूध चहापुरतं. चेहरा पिवळट, दमून जायची. मी मोठी शहाणी, घरातलीच फार्मासिस्ट, टेस्ट वगैरे काही न करता तिला ५ एमजी फोलिकच्या स्ट्रिप नेऊन दिल्या, म्हटलं रक्त वाढेल. आणि गंमत म्हणजे थोडं बरं वाटलंही तिला. पाच-सहा महिने घेत राहिली. मग म्हणायला लागली पायाला मुंग्या येतात, आम्ही म्हटलं उभी राहतेस ना खूप. मग एकदा दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत तिच्या पायातली चप्पल निसटली आणि तिला कळलंच नाही. वीस-पंचवीस पावलं एक पाय अनवाणी चालली, मागून एका बाईने हाक मारून चप्पल आणून दिली. बी-१२ केलं तर १२० च्या आसपास, म्हणजे फारच कमी. झालं असं होतं की बी-१२ कमी असतानाही जास्तीचं फोलिक रक्त थोडंफार सावरून घेतं, रिपोर्टमध्ये अ‍ॅनिमिया तितका दिसत नाही, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. वरून रंग दिलेली भिंत, आत ओल. इंजेक्शनं घेतली, आता बरी आहे, पण डाव्या पायाचा अंगठा अजून थोडा बधिर आहे आणि ती ते मला कधी बोलून दाखवत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. म्हणून शाकाहारी माणसाने बी-१२ न बघता मोठ्या डोसचं फोलिक महिनोन्महिने घ्यायचं नाही. नाहीच.

गोळी घ्यायची ठरली तर मुंबईच्या दिवसात बसवायची कशी

आयर्नचे शत्रू दोन, चहा आणि कॅल्शियम. आपला दिवस चहाने उघडतो, मधे कटिंग, जेवणानंतर परत कटिंग, मग आयर्न कुठे घालायचं? मी सांगते ते असं: सकाळच्या चहानंतर दोन तास जाऊ द्या, ऑफिसला पोचून अकरा-साडेअकराला लिंबूपाणी नाहीतर आवळ्याच्या रसाबरोबर आयर्न घ्या, त्यानंतर तासभर चहा नको. पोटाला झेपत नसेल, मळमळत असेल, तर दुपारच्या जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी बंद करण्यापेक्षा बरं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. दोन्ही एकत्र घेतलं की एकमेकांच्या पायात पाय. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर तिच्यात आणि आयर्न-कॅल्शियममध्ये चार तास ठेवा. डॉक्सी, सिप्रो असली अँटिबायोटिक चालू असतील तर तेवढे दिवस आयर्नचं डॉक्टरला विचारा. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनाही आयर्न कमी लागू पडतं.

रोज की एक दिवसाआड? हल्लीच्या अभ्यासांत असं दिसलंय की आयर्नचा एक डोस गेला की लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार लोटून ठेवतं, मग दुसऱ्या दिवशीची गोळी निम्मीशिम्मी वायाच जाते आणि वर बद्धकोष्ठ. म्हणून पुष्कळ डॉक्टर आता एक दिवसाआड देतात. तुमच्या कागदावर रोज लिहिलं असेल तर रोजच घ्या, पण त्रास होत असेल तर विचारा तरी.

संडास काळी होते. घाबरू नका, आयर्नमुळे होते. पण डांबरासारखी चिकट झाली, पोट दुखतंय, चक्कर येतेय, तर ते आयर्न नव्हे, सरळ डॉक्टर गाठा. बद्धकोष्ठाला पाणी, पपई, रात्री इसबगोल चालतं, फक्त इसबगोल आणि आयर्न एका वेळी नको.

किती दिवस? हिमोग्लोबिन दोन ते चार आठवड्यांत वर सरकायला लागतं, पण नॉर्मल आलं म्हणून लगेच थांबायचं नाही, साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. मग परत टेस्ट, मग बंद. "चालू आहे तर चालू दे" असं नको.

आता ऑनलाइनच्या डब्या आणि मामेबहिणीने न्यूजर्सीवरून आणलेल्या डब्या. मागचं लेबल वाचा. व्हिटॅमिन ए कुठल्या रूपात आहे बघा. बीटा कॅरोटीन असेल तर काळजी नाही. रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट असं असेल तर दिवसाचं सगळं मिळून ३००० एमसीजी म्हणजे १०,००० आययूच्या वर जायचं नाही, जास्त झालं तर लिव्हरला त्रास आणि गर्भ राहिला तर बाळाला. प्रीनेटलमध्ये सहसा कमीच असतं, पण वर कॉडलिव्हर ऑइल, वर दुसरी मल्टिव्हिटॅमिन अशी बेरीज होते. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर व्हिटॅमिन ए असलेलं काहीही वरून घ्यायचं नाही, आणि त्या गोळीवर असताना प्रेग्नन्सी तर अजिबात चालत नाही. डी-थ्रीचं ६०,००० वालं सॅशे आठवड्यातून एकदा असतं, ते रोज घेणारी माणसं मी बघितली आहेत, एक नाही तीन. पाकिटावर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) नंबर दिसला तर ते औषध म्हणून नाही, खाण्याची वस्तू म्हणून विकलं जातंय एवढं समजा. आणि ज्या पाकिटावर गरोदर बाईचं चित्र असतं ते घरात कुठे ठेवताय त्याचा विचार करा, आमच्या ओळखीत एकीच्या कपाटात तसलं पाकीट सासूला दिसलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर पेढ्यांची भाषा सुरू झाली. बिचारीला नखं वाढवायची होती.

पुरुषांनी घ्यायच्या का? नाही. नवरा म्हणतो उरल्यात तर मी संपवतो, तसं नको. पुरुषाला बाईपेक्षा कमी आयर्न पुरतं, पाळी जात नाही त्यामुळे जास्तीचं बाहेर पडायला वाटच नाही. पाळी बंद झालेल्या बायकांचंही तेच, त्यांना अ‍ॅनिमिया निघाला तर गोळी देण्याआधी रक्त कुठून जातंय ते शोधायला लागतं. मेथोट्रेक्सेट (संधिवात, सोरायसिसला देतात ती गोळी) चालू असलेल्यांनी फोलिक स्वतःच्या मनाने वाढवायचं-कमी करायचं नाही, ते डॉक्टरने वार ठरवून दिलेलं असतं.

आणि जे प्रश्न फक्त कुजबुजत येतात त्यांची उत्तरं. प्रीनेटल घेतल्याने गर्भ राहतो का? नाही. घेतल्यावर प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेघा येतात का? नाही, ती टेस्ट वेगळंच हार्मोन बघते. गर्भनिरोधक गोळी चालू असताना फोलिक चालतं का? चालतं, पुढच्या काही महिन्यांत बंद करणार असाल तर आत्ताच सुरू करा. पाळी मागेपुढे होते का? गोळीमुळे नाही. जाडी वाढते का? नाही.

खाण्यापिण्याचं मी फार सांगत नाही, आपल्या आयांना ते जास्त कळतं. फक्त अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका, थंडीत सगळ्यांनी खा. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, तेवढ्याने त्यातलं आयर्न जास्त लागतं. चवळी, हरभरा, मूग, पालेभाज्या यांत फोलेट असतं पण ते उकळून उकळून मरतं, भाजीचं पाणी ओतू नका. आणि जेवणावर लगेच चहा नको, हे मी तिसऱ्यांदा लिहितेय.

लहान मूल असलेल्या घरात आयर्नच्या स्ट्रिप फ्रीजवर, टीव्हीखाली, पर्समध्ये अशा ठेवू नका. लाल चमकदार गोळ्या, पोरांना जेम्स वाटतात, आणि १०० एमजीच्या थोड्या गोळ्यासुद्धा दोन वर्षांच्या मुलाला विषबाधा करायला पुरतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट बघत बसू नका, स्ट्रिप हातात घ्या आणि हॉस्पिटलला पळा.

ती आयकार्डवाली मुलगी दहा दिवसांनी परत आली, रिपोर्ट आणि डॉक्टरचा कागद घेऊन. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ८, बी-१२ पण काठावर. डॉक्टरने आयर्न एक दिवसाआड आणि बी-१२ लिहून दिलं होतं. मी स्ट्रिपच्या मागे मार्करने सोम, बुध, शुक्र लिहून दिलं, कारण एक दिवसाआड म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात. केस कधी थांबतील विचारत होती. म्हटलं तीन-चार महिने धर, लांबी महिन्याला एक सेंटीमीटरच वाढते, कुठल्याही गोळीने. पैसे दिले, पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि परत वळली. "ताई, पाकिटावर ते पोटवालं चित्र नाही ना?"

काढून दाखवलं तिला. नुसती लाल स्ट्रिप होती.